हिस्टोन ॲसिटिलीकरण आणि जनुकांचे सक्रियण

हिस्टोन प्रथिनांतील लायसिन या अमिनो आम्लाला ॲसिटिल गट जोडला जाण्याच्या प्रक्रियेस हिस्टोन ॲसिटिलीकरण म्हणतात. दृश्यकेंद्रकी पेशींतील अनेक प्रतिलेखन घटक या प्रक्रियेद्वारे जनुके सक्रिय करतात.

मानवी पेशीतील सुमारे २ मीटर लांबीचा डीएनए हिस्टोनांभोवती गुंडाळून केंद्रकात सामावलेला असतो. आठ हिस्टोन रेणूंचा गाभा आणि त्याभोवतीच्या सुमारे १४७ बेस-जोड्या मिळून न्यूक्लिओसोमचा मूळ भाग बनतो. या बांधणीमुळे जागा वाचते, पण आरएनए पॉलिमरेज या विकराची वाटही अडते. हिस्टोनांची शेपटासारखी टोके गाभ्याबाहेर आलेली असतात. त्यांतील लायसिनवर धन, तर डीएनएवर ऋण विद्युतभार असतो. ॲसिटिल गट जोडला गेला की लायसिनचा धनभार नाहीसा होऊन पकड सैल होते. मात्र एवढ्याने प्रक्रियेचा उलगडा होत नाही. ब्रोमोडोमेन हा भाग असलेली प्रथिने ॲसिटिलयुक्त लायसिन ओळखून तेथे बांधली जातात आणि पुढील यंत्रणा उभी राहण्यास मदत करतात.

प्रतिलेखन घटकांची भूमिका

बहुतेक प्रतिलेखन घटक स्वतः हिस्टोनांत बदल करीत नाहीत. ते काम ॲसिटिलट्रान्सफरेज विकरांचे असते. परंतु या विकरांना डीएनएचा विशिष्ट क्रम ओळखता येत नाही. प्रतिलेखन घटक तो क्रम ओळखून तेथे बांधला जातो व विकराला त्या जागी आणतो. यीस्टमध्ये अमिनो आम्लांची टंचाई झाल्यास जीसीएन-४ हा घटक अमिनो आम्ले तयार करणाऱ्या जनुकांपाशी बांधला जातो आणि सागा हे प्रथिनसंकुल तेथे आणतो. जीसीएन-५ हे विकर याच संकुलाचा भाग आहे.

संशोधन

ॲसिटिलीकरण आणि आरएनए निर्मिती यांचा संबंध व्हिन्सेंट ऑलफ्री व सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये सुचवला. ॲसिटिलीकरण हे सक्रियणाचे कारण की परिणाम, हा प्रश्न मात्र सुमारे तीन दशके अनिर्णित राहिला. १९९६ मध्ये डेव्हिड ॲलिस यांच्या गटाला टेट्राहायमेना या एकपेशीय सजीवातील ॲसिटिलट्रान्सफरेज यीस्टच्या जीसीएन-५ शी जुळणारे असल्याचे आढळले. जीसीएन-५ हे सक्रियणास साहाय्य करणारे प्रथिन म्हणून आधीच ज्ञात होते. पुढे या विकराची उत्प्रेरक क्षमता नष्ट केल्यास संबंधित जनुकांचे सक्रियणही घटते, असे १९९८ मधील प्रयोगांत दिसले.

आजारांशी संबंध

मानवी पेशींत सीआरईबी या प्रतिलेखन घटकाला फॉस्फेट गट जोडला गेल्यावर तो सीबीपी या ॲसिटिलट्रान्सफरेजला बोलावतो. सीबीपीच्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक निकामी झाली तरी रुबिन्स्टाइन-टेबी सिंड्रोम होऊ शकतो. रुंद अंगठे, चेहऱ्याची विशिष्ट ठेवण आणि बौद्धिक विकासातील अडचणी ही त्याची लक्षणे होत. बहुतेक रुग्णांत हे उत्परिवर्तन पालकांकडून आलेले नसून नव्याने घडलेले असते. सीबीपी हे पी-५३ सारख्या इतर प्रथिनांचेही ॲसिटिलीकरण करीत असल्याने आजाराची सर्व लक्षणे केवळ हिस्टोनांतील बदलांमुळे उद्भवतात, असे म्हणता येत नाही.