प्रतिमा आणि पत

बँकेच्या व्यवहारात पतीला जे स्थान, तेच लोकप्रिय कलावंताच्या जीवनात प्रतिमेला, असे वरवर पाहता वाटते. परंतु या दोन गोष्टी एक नव्हेत, हे बंगळुरूच्या एका मराठी सुपुत्राच्या कारकिर्दीवरून ध्यानात येते.

१२ डिसेंबर १९५० रोजी बंगळुरूतील मराठी कुटुंबात जन्मलेले शिवाजीराव गायकवाड तेथील बससेवेत वाहक होते. १९७३ मध्ये ते मद्रासच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये दाखल झाले. घरची भाषा मराठी, शाळेतील कन्नड. तमिळ नव्याने शिकावी लागली. दिग्दर्शक के. बालचंदर यांनी १९७५ मध्ये त्यांना रजनीकांत या नावाने पडद्यावर आणले. पुढे याच परक्या भाषेतील त्यांची भरभर बोलण्याची लकब तमिळ प्रेक्षकांच्या तोंडी बसली. खलनायक, मग १९७८ च्या ‘भैरवी’पासून नायक, १९८१ च्या ‘तिल्लू मुल्लू’त विनोदवीर अशी रूपे त्यांनी बदलली. मात्र हवेत उडवून ओठांत झेललेली सिगारेट ही त्यांची ओळखच होऊन बसली.

२००२ मध्ये त्यांनी स्वतः लिहिलेला व निर्मिलेला ‘बाबा’ आला. नायकाच्या धूम्रपानाचे अनुकरण तरुण करतील, अशी टीका पीएमके पक्षाचे नेते एस. रामदास यांनी केली, निदर्शनेही झाली. चित्रपट अपयशी ठरला. तेव्हा रजनीकांत यांनी वितरकांना नुकसानभरपाई दिली. असे करणारे नट विरळाच.

त्यानंतर तीन वर्षांनी ‘चंद्रमुखी’ आला. ‘आप्तमित्र’ या कन्नड चित्रपटावर बेतलेल्या या कथेत शीर्षकभूमिका नायिकेची होती. नायक होता शांत वृत्तीचा मनोविकारतज्ज्ञ. चेन्नईच्या एका चित्रपटगृहात तो आठशेहून अधिक दिवस चालला. २००७ च्या ‘शिवाजी’त सिगारेटची जागा च्युइंगमने घेतली. ओळखीची खूण गेली, तरी प्रेक्षक दुरावले नाहीत.

पडद्याबाहेर मात्र रजनीकांत टक्कल वा पिकलेली दाढी लपवीत नाहीत. २०२१ मध्ये दादासाहेब फाळके पुरस्कार स्वीकारताना त्यांनी तो ज्यांना अर्पण केला, त्यांत गुरू बालचंदर आणि थोरले बंधू यांच्यासह बंगळुरूचे बसचालक मित्र राज बहादूर यांचेही नाव होते. आपल्यातील नट प्रथम याच मित्राने ओळखला, असे त्यांनी सांगितले.

प्रतिमा काळानुसार बदलता येते, प्रसंगी बदलावीही लागते. पत मात्र दिलेल्या शब्दावर आणि चुकत्या केलेल्या देण्यावर उभी राहते. ती शाबूत असली, की नव्या रूपातही माणसाचे स्वागत होते.