'अबेट' हे क्रियापद वाक्यांतून शिकविताना

पुण्याच्या बुधवार पेठेतील अप्पा बळवंत चौकात पुस्तकांची दुकाने दाटीने उभी आहेत. शाळेसाठी इंग्रजी-मराठी कोश घ्यावयाचा झाल्यास जिल्ह्यातील शिक्षकाची पावले बहुधा तिकडेच वळतात. कोश हाताशी असणे अवश्यच आहे. परंतु एका शब्दासमोर दुसरा शब्द मांडून दिला म्हणजे विद्यार्थ्याला तो योजता येतो, असे मात्र नाही. 'अबेट' हे किंचित आडवळणाचे क्रियापद या दृष्टीने पाहण्यासारखे आहे.

'कमी होणे' हा त्याचा अर्थ पाठ केलेला विद्यार्थी 'शाळेतील मुलांची संख्या कमी झाली' या वाक्यात निःशंकपणे 'अबेट' घालतो आणि वाक्य बिघडते. संख्या घटली किंवा कांद्याचा भाव उतरला, हे सांगण्यास इंग्रजीत सहसा हे क्रियापद चालत नाही. जी गोष्ट जोराने चढते, माणसास त्रस्त करते आणि मग हळूहळू सौम्य होते, तिच्यासाठी ते आहे. जुन्या फ्रेंच भाषेतील 'खाली पाडणे' या अर्थाच्या क्रियापदापासून ते आले आहे.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून पुण्यातील नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले, ही हकीकत सांगून शिक्षकाने फळ्यावर प्रथम वाक्यच लिहावे : 'व्हेन द फ्लड अबेटेड, पीपल रिटर्न्ड टु देअर होम्स.' अर्थ सांगण्याची घाई करू नये. पाणी चढून राहिले असता लोक घरी परततील काय, एवढेच विचारावे. 'पूर ओसरला' हे उत्तर मुलांकडूनच येते. त्यानंतर 'द स्टॉर्म अबेटेड', 'द पेन अबेटेड', 'हिज अँगर अबेटेड' ही वाक्ये द्यावीत. वादळ शमते, वेदना थांबत जाते, राग निवळतो. मराठीत क्रियापद दर वेळी पालटते, इंग्रजीत एकच राहते. मुलांनी हे स्वतः हेरले म्हणजे निम्मे काम झाले.

तथापि 'ओसरणे' हाच नेमका प्रतिशब्द मानून चालणेही धोक्याचे. गणेशोत्सवात बुधवार पेठेत दगडूशेठ हलवाई गणपतीच्या दर्शनास लोटलेली गर्दी रात्री उशिरा ओसरली, असे आपण सहज म्हणतो. इंग्रजीत मात्र 'द क्राउड अबेटेड' हे कानाला खटकते. तेथे 'थिन्ड' म्हणावे. उलट त्याच वेळच्या गोंगाटाविषयी 'द नॉइज अबेटेड' हे अगदी ठीक. कोठे जुळते आणि कोठे जुळत नाही, हे दाखविणारी अशी वाक्यांची जोडी दहा सुट्या अर्थांपेक्षा अधिक शिकविते. पूर ओसरला की बेट दिसू लागते, अशी खूणगाठ काही मुले बांधतील. व्युत्पत्तीशी तिचा संबंध नसला तरी ती मोडण्याचे कारण नाही.

एक अडचण देवनागरीमुळेच उद्भवते. इंग्रजीत दुसरेही एक क्रियापद आहे, आणि तेही आपण 'अबेट' असेच लिहितो. त्याचा अर्थ गुन्ह्यास चिथावणी किंवा साहाय्य देणे. आपल्या कायद्याच्या मराठीत यालाच 'अपप्रेरणा' म्हणतात. पहिल्याचा उच्चार इंग्रजी 'लेट', 'गेट' यांसारखा लांबवून होतो व त्याची अक्षरे ए, बी, ए, टी, ई अशी आहेत. दुसऱ्याचा उच्चार 'नेट'प्रमाणे आखूड असून अक्षरे ए, बी, ई, टी एवढीच. श्रुतलेखनात हे दोन्ही शब्द एकापाठोपाठ उच्चारून घ्यावेत. कारण पहिले क्रियापद सकर्मकही होते. 'अबेट द न्यूसन्स' म्हणजे उपद्रव दूर करा. गावातील तुंबलेल्या गटाराविषयी इंग्रजीत अर्ज लिहिणाऱ्याने येथे अक्षरांचा घोटाळा केला, तर उपद्रवाला हातभार लावा, अशी विनंती त्याने केली असे होईल.