समाजाचे काम, म्हणून फुकट?

संगणकाच्या धंद्याला पुणे-बंगळूरच लागते, हा समज आता टाकून द्यायला हवा. शेजारच्या बीड जिल्ह्यातील सांगवी पाटणचे दादासाहेब भगत इन्फोसिसमध्ये ऑफिस बॉय होते. तेच पुढे प्रोग्रामिंग शिकले, टाळेबंदीत गावी परतले, गोठ्यात संगणक मांडला आणि डिझाइनचे तयार नमुने पुरविणारे सॉफ्टवेअर उभे केले. २०२४ मध्ये 'शार्क टँक इंडिया'त अमन गुप्ता यांनी त्यात एक कोटी रुपये गुंतविण्याची तयारी दाखविली.

मग परभणी जिल्ह्यातल्या पूर्णा, गंगाखेड, जिंतूरच्या आमच्या पोरांनी काय करावे? ज्याच्याकडे बँकेत गहाण ठेवायला जमीन नाही, त्याला हाच धंदा सोयीचा. दुकान नको, गोदाम नको. गिऱ्हाईक मात्र असे हवे, ज्याच्याकडे मोठ्या कंपन्या ढुंकूनही पाहत नाहीत.

असे एक गिऱ्हाईक आम्हीच आहोत! युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ सालीच आली. तरी चळवळीची नियतकालिके, स्मरणिका, जयंती विशेषांक पुढे कित्येक वर्षे श्रीलिपी, आकृतीसारख्या फॉन्टांत जुळविले गेले. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाईल उघडली की अक्षरांऐवजी इंग्रजी चिन्हांचा कचरा दिसतो. अक्षराला अक्षर बदलूनही भागत नाही. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी असते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठविली जाते. रफाराचे नेमके उलटे. शिवाय प्रत्येक फॉन्टाची तऱ्हा निराळी. काम किचकट, पण चिकाटीच्या एकट्या माणसाला जमणारे. तोवर आमच्या कार्यकर्त्यांचे लेखन जुन्या हार्ड डिस्कमध्ये अडकून पडले आहे.

अडचण वेगळीच आहे. असा पोरगा दारात आला की आपण त्याला चहा पाजतो, पाठ थोपटतो आणि म्हणतो, 'बाळा, समाजाचे काम आहे, पैसे कसले?' यात आम्हीही आलो. 'बहिष्कृत भारत'चे रकानेच्या रकाने बाबासाहेब एकट्याने लिहीत; तरी १९२९ मध्ये ते पत्र पैशाअभावी बंद पडले. हा इतिहास आपण भाषणात सांगतो आणि घरी येऊन विसरतो.

१४ एप्रिलच्या हिशेबात मंडप, डी.जे., फ्लेक्सच्या रकमा बिनबोभाट चढतात. मंडळांनी त्याच वहीत जुन्या स्मरणिका युनिकोडमध्ये आणण्याच्या खर्चाची एक ओळ घालावी. निम्मी रक्कम त्या पोराला आधी द्यावी, उरलेली फाईली वाचून पाहिल्यावर.