भट्टी वरची, भट्टी खालची

मे महिना, जालना, दुपारचे दोन. सनस्क्रीन, गॉगल, स्कार्फ... सगळा जामानिमा करूनही पुण्याहून आलेल्या मला उन्हानं पार लोळवलं होतं. मामा मात्र एकदम कूल! तीस वर्षं एमआयडीसीत लोखंडाच्या भट्टीपुढे काढलेला माणूस. गेल्याच महिन्यात निवृत्त झाले.

रात्री गच्चीवर गाद्या पडल्या आणि मी सहज विचारलं, "मामा, लोखंड किती तापलंय, ते कसं ओळखायचं?"

"रंगावरनं की! लाल म्हणजे अजून कच्चं. पिवळं-पांढरं झालं की समजायचं, जमलं."

बॉस, खगोलशास्त्रज्ञ तरी दुसरं काय करतात? समोर चित्रा चमकत होती. निळसर पांढरी, म्हणजे वीस हजार अंशांच्या वर. पूर्वेला ज्येष्ठा वर येत होती. तांबडी, म्हणजे साडेतीन हजारांच्या आसपास. आपला सूर्य मधला, पृष्ठभाग साधारण ५,५०० अंश. मामांची भट्टी १,६००.

पण सूर्याची खरी भट्टी आत आहे. गाभ्यात तापमान दीड कोटी अंश! तिथं दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजनचं हेलियम होतं आणि त्यातलं ४० लाख टन वस्तुमान चक्क ऊर्जा बनतं. ही ऊर्जा धक्के खात, हजारो वर्षं घेत वर सरकते. वरच्या थरात वायू उकळत्या आमटीसारखा खालीवर होतो. एकदा पृष्ठभागावरून सुटला, की प्रकाश ८ मिनिटं २० सेकंदांत थेट आपल्या डोक्यावर! गंमत म्हणजे सूर्याभोवतीचं प्रभामंडल दहा लाख अंशांच्याही वर तापलेलं असतं. २ सप्टेंबर २०२३ला आदित्य-एल१ निघालं ते असल्याच कोड्यांसाठी, आणि त्यावरची 'सूट' दुर्बीण आपल्या पुण्याच्या 'आयुका'ची.

"मंग ही भट्टी इझणार कधी?"

टेन्शन नको. सूर्याचं वय ४६० कोटी वर्षं, अजून ५०० कोटींचं इंधन शिल्लक. मग तो फुगून तांबडा राक्षसी तारा होईल आणि शेवटी निवत जाणारा श्वेतबटू.

ज्येष्ठेसारख्या वजनदार ताऱ्यांचा शेवट मात्र धडाक्यात. हेलियम, कार्बन, ऑक्सिजन, सिलिकॉन... एकेक जाळत गाडी लोखंडापाशी येते आणि अडते. कारण लोखंडाची केंद्रकं जोडून ऊर्जा मिळत नाही, उलट खर्च होते. गाभा सेकंदाच्या आत कोसळतो आणि ताऱ्याच्या चिंध्या उडतात. अशा महास्फोटांत आणि काही श्वेतबटूंच्या स्फोटांत तयार झालेलं लोखंडच पृथ्वीच्या वाट्याला आलं. मूलद्रव्यं ताऱ्यांत कशी शिजतात, हे १९५७ मध्ये बर्बिज दांपत्य, फाउलर आणि फ्रेड हॉइल यांनी सविस्तर मांडलं. हेच हॉइल जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू!

मामा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "मी आपलं समजत होतो, जिंदगीभर भंगारच वितळवलं."

"भंगारच होतं मामा. पण ताऱ्यांचं."

ते हसले, कुशीवर वळले. जरा वेळानं पुन्हा आवाज आला, "ती लाल कुठली म्हणालास? ज्येष्ठा? परत दाखव बरं."