वर्ग खाली उतरवा

पेणच्या गणपतीच्या कारखान्यात मूर्तीच्या मागे हात पोहोचेना, तर कारागीर पाट फिरवतो. हाताला कुणी बोल लावीत नाही. शाळेत मात्र उलटे! रोह्याजवळच्या धाटावमधील एका कामगाराची मुलगी पायाने अधू. वर्ग माडीवर, बाप तिला घरी बसविणार होता. आम्ही शाळेत जाऊन म्हटले, मुलगी चढत नाही, तर वर्ग उतरवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे १६ वे कलम सरकारमान्य शाळेला सांगते, ज्याची जशी गरज तशी वाजवी सोय करा. १७ व्या कलमात परीक्षेला लेखनिक व जादा वेळ आहे. वर्ग तळमजल्यावर आला, खर्च शून्य. पालकहो, ही मेहेरबानी समजू नका. अर्ज करा, पोच घ्या.