रानौषधींची मराठी नावे : अर्थ आणि ओळख

खेडवळ नावे ढोबळ असतात व संस्कृत नावे नेमकी असतात, असा सुशिक्षितांत एक समज रूढ आहे. घरगुती औषधोपचारासाठी बांधावरून, कुंपणावरून किंवा ओढ्याकाठून आणल्या जाणाऱ्या वनस्पतींच्या बाबतीत हा समज तपासून पाहणे अगत्याचे आहे. कारण येथे नावातील गफलत कोशापुरती राहत नाही, ती काढ्यात उतरते.

'ब्राह्मी' हे नाव घ्यावे. केरळात या नावाने बाकोपा मोनिएरी ही दलदलीत पसरणारी, लहान, जाडसर व समोरासमोर पाने असलेली वनस्पती ओळखली जाते. उत्तरेकडे व महाराष्ट्रात मात्र पुष्कळदा सेंटेला एशियाटिका हिलाच ब्राह्मी म्हणतात. हिची पाने वाटोळी, मूत्रपिंडाकार असतात आणि वनस्पतिशास्त्रदृष्ट्या ती कोथिंबीर-गाजराच्या कुलातील आहे. दोहोंचा परस्परांशी काही संबंध नाही. त्यांतील प्रमुख द्रव्येही भिन्न आहेत. संस्कृत ग्रंथपरंपरेत दुसरीस 'मंडूकपर्णी' असे वेगळे नाव आहे. परंतु प्रतिष्ठा 'ब्राह्मी' या शब्दाला अधिक, म्हणून तोच दोन्हींकडे गेला. उलट 'कारिवणा' हे सेंटेलाचे मराठी नाव पाहावे. त्याचा अर्थ सामान्य भाषकास सांगता येत नाही, आणि नेमके म्हणूनच ते एका वनस्पतीला चिकटून राहिले आहे.

'शंखपुष्पी'ची कथा याहून गुंतागुंतीची आहे. एका प्रदेशात ती कॉन्व्हॉल्व्ह्युलस प्लुरिकॉलिस, दुसरीकडे इव्हॉल्व्ह्युलस अल्सिनॉइडिस म्हणजे विष्णुक्रांता, तर केरळात क्लिटोरिया टर्नेटिया, म्हणजे मराठीतील गोकर्ण होय. शंखासारखे फूल ज्या कोणत्या वेलीला आढळेल तिला हे नाव शोभते.

यामागील भाषिक कारण उघड आहे. ज्या नावाचा अर्थ भाषकाला लागतो ते वर्णन असते, आणि वर्णन ज्याला लागू पडेल तिकडे ते सरकते. ज्याचा अर्थ लोपला आहे ते केवळ खूण म्हणून उरते. 'अडुळसा' हा शब्द संस्कृत 'आटरूष' यापासून आला. आज त्यात कोणालाही काही अर्थ दिसत नाही. परिणामी खोकल्यासाठी अडुळशाची पाने आणावयास सांगितले, तर माहीतगार माणूस सहसा दुसरे झुडूप आणीत नाही. (या पानांतील वासिसीन या द्रव्यावरूनच पुढे ब्रोमहेक्सीन हे कफावरील औषध सिद्ध झाले, हे येथे जाता जाता नमूद करण्याजोगे आहे.)

अर्थ लागणाऱ्या नावाचा दुसरा धोका असा की, तो अर्थ चुकीचाही लागतो. 'गुडूची'पासून आलेल्या 'गुळवेली'त मराठी कानाला गूळ ऐकू येतो. वेल मात्र कडू आहे. नावामुळे निर्माण होणारा सौम्यतेचा भास दुर्लक्षणीय नव्हे. करोनाच्या साथीत गुळवेलीचा काढा घरोघरी घेतला गेला. २०२१ मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी त्यानंतर यकृतविकार जडलेल्या सहा रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यावर आयुष मंत्रालयाने, टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया ऐवजी टिनोस्पोरा क्रिस्पा ही तिच्यासारखीच दिसणारी वेल वापरली गेली असावी, असा पक्ष मांडला. पुढे २०२२ मध्ये देशातील अनेक केंद्रांतून अशाच रुग्णांची नोंद झाली, आणि तेथे दोष खऱ्या गुळवेलीकडेही वळला. तेव्हा प्रत्येक अपायाचे खापर नामसादृश्यावर फोडून मोकळे होता येत नाही, हेही भाषाभ्यासकाने ध्यानी ठेवावे.

'कळलावी' हे नाव याहूनही बोलके आहे. ग्लोरिओसा सुपर्बा या सुंदर फुलांच्या वेलीचा कंद प्रसूतीच्या कळा आणण्यासाठी वापरीत. त्यावरून हे नाव. पण 'कळ लावणे' म्हणजे भांडण लावून देणे हाही अर्थ मराठीत असल्यामुळे, ही वेल घराजवळ लावली की घरात तंटे होतात, अशी समजूत प्रचारात आली. कंदात कोल्चिसीन हे जहाल विष असते आणि तो रताळ्यासारखा समजून खाल्ल्याने माणसे दगावली आहेत. या खुळचट म्हणून हिणवल्या जाणाऱ्या समजुतीने कंद अंगणापासून दूर ठेवला असेल, तर तिचा उपयोगच झाला म्हणावयाचा.

अमेरिका खंडातून आलेल्या तणांना मराठीने दोन रीतींनी नावे दिली. ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स हिला लांब एकाकी दांड्यावरील फुलामुळे 'एकदांडी' म्हटले. 'दगडीपाला' या नावानेही ती परिचित असून तिच्या पानांचा रस ताज्या जखमेवर पिळतात. दुसरी रीत सादृश्याची. मेक्सिकोतील आर्जेमोन हा काटेरी फळामुळे 'पिवळा धोतरा' झाला, वस्तुतः तो अफूच्या कुलातील आहे. याचा पिवळा चीक त्वचाविकारांवर लावण्याची चाल आहे. परंतु बी मोहरीसारखे दिसते आणि त्याच्या तेलाची भेसळ झाल्याने १९९८ मध्ये दिल्लीत जलशोफाची मोठी साथ उद्भवली होती. खऱ्या धोतऱ्याचे विष निराळे, याचे निराळे. नाव मात्र दोहोंना एकाच घरात बसविते.

जोवर ज्ञान सासूकडून सुनेकडे, हाताने हाताला जात होते, तोवर नावावर हा सर्व भार नव्हता. वास, चव, उगवण्याची जागा आणि पावसाळ्यातील नेमका महिना यांनी ओळख पक्की होई. नाव केवळ आठवण करून देई. छापील पुस्तकातून केवळ नावच प्रवास करते. थिओडोर कूक याने १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध केलेल्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिग्रंथात लॅटिन नावाबरोबर स्थानिक नावे दिली आहेत. बोलीचा शब्दसंग्रह करणाऱ्या विद्यार्थ्याने याच वाटेने पण अधिक तपशिलाने जावयास हवे : बोलीतील शब्द, गाव, ऋतू, उपयोगात येणारा भाग, तो सांगणाऱ्याचे वय व व्यवसाय, आणि त्याच दिवशी खुडून दाबून वाळविलेला फुलासह नमुना, जो वनस्पतिशास्त्र विभागात दाखवून घेता येईल.