धातूंच्या दुनियेत : मऊ अ‍ॅल्युमिनियमची कामं

विमानाचा सांगाडा आणि स्वयंपाकघरातलं जर्मनचं पातेलं, दोन्ही अ‍ॅल्युमिनियमचीच. पण विमानाच्या अ‍ॅल्युमिनियममध्ये ताकदीसाठी तांबं, जस्त, मॅग्नेशियम मुद्दाम मिसळलेलं असतं. आजचा लेख असं काही फारसं न मिसळलेल्या, किमान ९९ टक्के शुद्ध अ‍ॅल्युमिनियमबद्दल आहे. कारखान्यात याला '१००० सीरिज' म्हणतात. त्यातल्या क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे शुद्धता सांगतात : १०५० म्हणजे किमान ९९.५० टक्के, ११०० म्हणजे ९९.०० टक्के. उरलेल्या अंशात मुख्यतः लोखंड आणि सिलिकॉन असतं.

हा धातू मऊ आहे. नरम केलेल्या ११०० पत्र्याची ताकद साध्या पोलादाच्या पाव हिस्साही नसते आणि भट्टीत तापवून ती वाढवता येत नाही. गार अवस्थेत लाटत किंवा ओढत गेलं तरच तो कडक होतो, पार दुपटीच्या आसपास. पुन्हा सुमारे ३५० अंश सेल्सियसला तापवला की पूर्ववत नरम. या नरमपणामुळेच सपाट चकतीतून खोल पातेलं न फाटता ओढून निघतं. फॉइलही त्यामुळेच जमतं. शेवटच्या फेरीत दोन थर एकत्र लाटतात, म्हणून फॉइलची एक बाजू चकचकीत आणि दुसरी मंद दिसते. पोळी कोणत्या बाजूला गुंडाळली याने काही फरक पडत नाही.

पण या धातूचं खरं मोठं काम आपल्या डोक्यावरून जाणाऱ्या तारांमध्ये आहे. त्यासाठी १३५० हा प्रकार वापरतात. त्याची विद्युतवाहकता तांब्याच्या सुमारे ६१ टक्के. आकडा कमी वाटतो, पण घनता पाहा : अ‍ॅल्युमिनियम २.७, तांबं ८.९६. तेवढाच प्रवाह न्यायला तार जाड लागते, तरी वजन तांब्याच्या निम्मंच भरतं. मनोऱ्यांवर टांगायच्या तारेत यापेक्षा मोठा गुण नाही. ताण सोसायला मध्ये पोलादी तारा घालतात. लाइनवर काम करणारी मंडळी या वाहकांना प्राण्यांच्या नावांनी ओळखतात : रॅकून, डॉग, पँथर, झेब्रा, मूस. ४०० केव्हीच्या लाइनवर दिसणाऱ्या 'मूस'मध्ये ७ पोलादी तारांभोवती अ‍ॅल्युमिनियमच्या ५४ तारा वळलेल्या असतात.

इथे शुद्धतेची किंमत कळते. टायटॅनियम, व्हॅनेडियम, क्रोमियम किंवा मँगनीज धातूत नुसतं विरघळून राहिलं, तरी वाहकता झपाट्याने घसरते. म्हणून वितळलेल्या धातूत बोरॉन घालतात; ते टायटॅनियम-व्हॅनेडियमला बांधून वेगळं काढतं. शंभरातल्या त्या अर्ध्या भागासाठी एवढी मेहनत घेतात, हे मला या धातूच्या कहाणीतलं सर्वांत विलक्षण वाटतं.

शुद्ध अ‍ॅल्युमिनियम गंजायलाही चिवट. हवा लागताच त्यावर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर बसतो आणि खरवडला तर पुन्हा येतो. म्हणूनच पितळी भांड्यासारखी याला कल्हई लागत नाही. मात्र धुण्याचा सोडा हा थर विरघळवतो, म्हणून सोड्याने घासलेली भांडी काळवंडतात. चिंचेची आमटी किंवा लोणचंही या भांड्यात ठेवून देऊ नये.

हाच थर विजेच्या जोडणीत मात्र अडचण करतो, कारण तो वीज वाहू देत नाही. शिवाय मऊ धातू स्क्रूच्या दाबाखाली हळूहळू सरकतो, जोड सैल पडतो आणि तापतो. तांब्याला थेट चिकटून ओल लागली तर अ‍ॅल्युमिनियम झिजतं. तुमच्या मीटरपाशी अ‍ॅल्युमिनियमची केबल तांब्याच्या वायरला जोडायची असेल, तर इलेक्ट्रिशियनला बायमेटल लग (दोन्ही धातूंना जोडणारा तुकडा) वापरायला सांगा. आणि पीळ मारून टेप गुंडाळलेला जोड दिसला, तर तो त्याच्याकडून लगेच बदलून घ्या.